पस्तीस मार्कांची कैची

९ मे १९९८, शनिवार, सकाळी साडेदहा. रक्कम एक लाख अठ्ठावीस हजार. हजर: मी, माझ्या पेणच्या गोदामात गणपतीचा कारखाना चालवणाऱ्या वहिनी, एक कंत्राटदार आणि रोह्याचे मिस्त्री. मिस्त्रींना हजर म्हणावं की नाही याबद्दल मी तेव्हाही साशंक होतो, कारण ते आत आलेच नाहीत. रस्त्यापलीकडे उन्हात छत्री उघडून उभे होते.

रक्कम कंत्राटदाराने सांगितलेली. गोदाम आजोबांनी भात साठवायला बांधलेलं. त्याच्या छपराला सागाच्या पाच कैच्या. कैची म्हणजे कौलांचा भार भिंतींवर नेऊन ठेवणारा लाकडी त्रिकोण, खाली आडवी तुळई आणि वर दोन तिरके वासे. या पाचही कैच्या काढून लोखंडी बसवायच्या, कौलांच्या जागी पत्रे घालायचे आणि उतरलेला साग कंत्राटदाराने न्यायचा, असा त्याचा प्रस्ताव होता. तीन नंबरच्या तुळईला मधोमध हातभर चीर होती. ती दाखवून तो म्हणाला, की हे छप्पर हा पावसाळा काढणार नाही.

यजमान गेल्यापासून आठ वर्षं कारखाना वहिनीच चालवत होत्या. खाली त्यांच्या चारशे बारा कच्च्या मूर्ती मांडलेल्या. छप्पर उतरवायचं तर मूर्ती हलवायच्या, आणि कच्ची मूर्ती हलवणं म्हणजे निम्म्या मोडणं. गणपती ऑगस्टच्या शेवटी. हा हंगाम गेला की त्यांचं वर्ष गेलं. उलट, छप्पर ठेवावं आणि ते पडावं, तर खाली अकरा माणसं काम करत होती. त्या दोन गोष्टींच्या मध्ये मालक म्हणून मी उभा होतो. म्हणून रोह्याहून मिस्त्रींना बोलावलं होतं.

चहा आला तेव्हा वहिनी स्वतः कप घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. त्यांनी विचारलं, आत का येत नाही. मिस्त्रींनी बशीत चहा ओतला आणि सांगितलं, "मी छपराला पास केल्याबिगर त्याच्या खाली च्या पीत नाय गो बाय."

हा त्यांचा नियम मी पुढे अनेक ठिकाणी पाहिला. माझ्या पुतण्याच्या लग्नात हॉलचं छप्पर पसंत न पडल्यामुळे ते बाहेर जोड्यांच्या ढिगाशेजारी जेवले. जिलबी वाढणारा पोरगा त्यांच्यासाठी तीनदा उन्हात आला. पेणच्या एस. टी. स्टँडवर ते कधी बाकावर बसले नाहीत. तिथल्या छपराला ते किती मार्क देतात ते मी विचारलं होतं. ते म्हणाले, सरकारी मालमत्तेबद्दल मी बोलत नाय, नुसता उभा राहतो.

मिस्त्री सरकारी बांधकाम खात्यात सुतार होते. शाळा, कचेऱ्या, डाक बंगले यांची छपरं बांधण्यात आणि उतरवण्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते फक्त तपासायचे. ठेंगणे, काटक, खाकी अर्धी पँट आणि वर पांढरा शर्ट, तोही कॉलरचं बटण लावलेला. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात एक छोटी हातोडी, भोक पाडायचं एक गिरमिट, एक ओळंबा, खडू आणि मोडक्या छत्रीची एक तार. ही तार म्हणजे त्यांचं मुख्य हत्यार. लाकडात ती किती जाते यावरून आत कुजलंय किती ते त्यांना कळे. नवी छत्री घेतली की जुनीची एक तार ते काढून ठेवत, आणि अमक्या साली अमक्या छत्रीची तार चांगली होती असं सांगत.

शिडीवर चढायच्या आधी ते चपला काढून ठेवत, तोंडं दाराकडे करून. का, ते मी विचारलं. पळायची वेळ आली तर शोधाव्या लागू नयेत म्हणून.

मग ठोके. तुळईच्या एका टोकाला कान लावून ते दुसऱ्या टोकाला कुणाला तरी हातोडी मारायला सांगत. त्या वेळी सगळ्या कारखान्याने गप्प बसायचं. वहिनींच्या एका कारागिराला शिंक आली, तर मिस्त्रींनी ती कैची पहिल्यापासून तपासली. लोकांत अशी बोलवा होती, की मिस्त्रींशी लाकूड बोलतं. त्यांना ते अजिबात आवडत नसे. "लाकूड काय बोलतंय? भरीव लाकूड खण वाजतं, पोकळ वाजतं भद. बोलतो तो कंत्राटदार."

तपासून झाल्यावर त्यांनी प्रत्येक तुळईवर खडूने एक आकडा लिहिला. एक नंबर बासष्ट. दोन नंबर अठ्ठावन्न. तीन पस्तीस. चार अठरा. पाच एकसष्ट. शंभरपैकी, आणि पस्तीसला पास.

आता मी आकड्यांतला माणूस. तीस वर्षं पतपेढीत काढलेली. मला सांगा, अठ्ठावन्नच का, साठ का नाहीत? मिस्त्री पुन्हा शिडी चढले, दोन नंबरवर एक गाठ दाखवली आणि म्हणाले, ह्या गाठीचे दोन कापले. मी विचारलं, कोणत्या तक्त्यावरून. ते म्हणाले, गाठीवरून. मी विचारलं, मग एखाद्या कैचीला पैकीच्या पैकी कधी दिलेत का. "एकदा दिले व्हते. नागोठण्याच्या अंगाला एक शाळा व्हती. पण तवा मी तरणा व्हतो."

ते दर मे महिन्यात येत राहिले, न बोलावता. पुढल्या वर्षी एक नंबरचे बासष्टचे एकसष्ट झाले, तेव्हा मी हरकत घेतली. वर्षभरात तिच्यात काहीच बदललेलं नव्हतं. मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, तुमच्यात काय बदललं नाय का?

चार नंबरला अठरा का, हे मात्र त्यांनी त्या पहिल्या दिवशीच नीट दाखवलं. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरत होतं, तिथे त्यांनी गिलावा फोडला. आत छत्रीची तार मुठीपर्यंत गेली. माझ्या वडिलांनी भिंतींना सिमेंट केलं होतं, त्यात तुळयांची टोकंही गच्च बुजवली होती. पूर्वी टोकाभोवती बोटभर पोकळी होती, लाकूड भिजलं तर वाळायचं. सिमेंटनंतर ओल आतच राहिली. वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, तरी मिस्त्रींनी त्यांना माझ्यासमोर दहा मिनिटं चांगलं सुनावलं, आणि मीही ऐकून घेतलं, कारण म्हणणं बरोबर होतं. पाचही कैच्यांची टोकं त्यांनी मोकळी करायला लावली. चार नंबरचं कुजलेलं टोक कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांधला आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारल्या. दोन सुतारांचं आठ दिवसांचं काम. मूर्ती वावभर, म्हणजे पाच-सहा फूट, सरकवाव्या लागल्या, बाहेर काढाव्या लागल्या नाहीत.

प्रश्न राहिला तीन नंबरचा. मी म्हणालो, पस्तीस म्हणजे पास की काठावर? मिस्त्री म्हणाले, पास. मी म्हणालो, अकरा माणसांच्या डोक्यावरचं छप्पर मी काठावर ठेवणार नाही. मग त्यांनी सांगितलं, की तिची तोंडी परीक्षा घेऊ, पण आता नाही, पावसात. कौलं भिजून जड झाली, वारा सुटला, की मग. उन्हाळ्यात लाकूड तपासणं म्हणजे सुट्टीतल्या पोराला पाढे विचारणं. तोवर त्यांनी तिला मधोमध टेकू लावून दिला.

४ जुलैला, शनिवारी, टेकू काढला. तुळईच्या दोन्ही अंगांना साखळीने दोन फळ्या टांगल्या, जमिनीपासून फक्त वीतभर वर, म्हणजे कैची बसलीच तर फळी जमिनीवर टेकेल आणि पुढचं टळेल. फळ्यांवर शाडूमातीच्या पंधरा गोण्या ठेवल्या, चाळीस किलोच्या, एकूण सहाशे किलो. गोण्या वहिनींच्या. त्या म्हणाल्या, ऐन हंगामात माझी माती टांगून ठेवलीत. तेवढा भाग मोकळा करून दोरी बांधली.

मिस्त्रींचा नियम सोपा होता. वजन टाकल्यावर तुळई सूत-दोन सूत वाकेल, ते वाकणं तिच्या हक्काचं. त्यानंतर आठ दिवस ती हलता कामा नये. रोज रोज खाली येत राहिली, तर नापास. मोजायला त्यांनी तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून दिली आणि मधला फरक बघायला सांगितलं. आठ दिवसांनी येतो म्हणून ते रोह्याला गेले.

दोरी मला पटली नाही. दोरी ओल्या हवेत ढिली पडते, आणि सूत हे काही माप नव्हे. मी तुळईच्या मध्यावर खिळा मारला, त्याला पोलादी टेप अडकवली आणि ती जमिनीपर्यंत सोडली. रोज सकाळी आठ वाजता जमिनीवरचा आकडा वाचायचा. वजन टाकण्याआधी ३३४२ मिलिमीटर. वजन टाकल्यावर ३३३९. तीन मिलिमीटर म्हणजे सुमारे एक सूत. मिस्त्रींच्या हिशेबात बसणारं.

पहिल्याच दिवशी वाचताना मी वहिनींना म्हणालो होतो, की टेप टेकते तिथली जमीन खडबडीत आहे, आकडा नीट लागत नाही, जागा सपाट हवी. त्या बरं म्हणाल्या.

रविवारी ३३३८. सोमवारी ३३३७. मंगळवारी ३३३५. बुधवारी ३३३४. मी दोनदा वाचत होतो, गुडघे टेकून, चष्मा पुसून. गुरुवारी ३३३२. वजन टाकल्यापासून सात मिलिमीटर, आणि एकही दिवस खंड नाही. पाऊस बाहेर धो धो पडत होता. मी वर बघितलं तर मला चीरही रुंदावल्यासारखी वाटली.

वहिनी टेपकडे बघत नसत, माझ्या तोंडाकडे बघत. गुरुवारी त्यांनी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. जातंय ना?"

मी सांगितलं, की जातंय, गोण्यांना किंवा टेकूला मिस्त्रींशिवाय हात लावायचा नाही, आणि उद्यापासून कारखाना रिकामा करायचा. त्या खाली बसल्या. मग उठून त्यांनी कामं थांबवली आणि पोत्यांची पांघरुणं काढायला सांगितलं. माझ्याशी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी भर पावसात टेंपोने पहिल्या एकोणीस मूर्ती माझ्या घरी नेल्या. ओसरी भरली, माजघर भरलं. तीन मूर्ती वाटेत मोडल्या. दोघींचे हात गेले, तिसरी मधोमध उभी उकलली. राहिल्या तीनशे त्र्याण्णव, आणि पेणमध्ये कोरडी जागा कुणाकडे शिल्लक नव्हती.

शनिवारी सकाळी मी वही घेऊन एस. टी.ने रोह्याला गेलो. मिस्त्रींचं घर रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात. पोचलो तेव्हा ते अंगणात फणसाखाली छत्री धरून चहा पीत होते. पावसात. माझ्या प्रश्नाआधी त्यांच्या बायकोनेच दारातून उत्तर दिलं. "ह्या घराला ह्यांनी एकतीस दिलेत. लगीन होऊन आले तवापास्नं मी नापास घरात नांदतेय." आणि स्वतःचा कप घेऊन त्या आत गेल्या. मी आत बघितलं. छपराला बांबूचे चार टेकू होते. मी मिस्त्रींना म्हणालो, दुरुस्त का करत नाही. ते म्हणाले, दुसऱ्यांच्या कामातून वेळ मिळत नाय.

वहीतले आकडे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग विचारलं, कैची कुरकुरली का? नाही. कौलं सरकली का? नाही. सांध्यातून भुकटी पडली का? तीही नाही. दोरी काय म्हणते? मला कबूल करावं लागलं, की दोरीकडे मी पाहिलंच नव्हतं. ते घरात न जाता ओट्यावरून पिशवी घेऊन निघाले. गाडी नागोठण्याला आली तेव्हा म्हणाले, रोज खाली येणारी कैची गप बसत नाय.

आम्ही पोचलो तेव्हा वहिनी आणि कारागीर दुसरा टेंपो भरायच्या तयारीत होते. मिस्त्रींनी चपला काढल्या, तोंडं दाराकडे केली आणि आत गेले. वर बघितलंच नाही. टेप जिथे टेकत होती तिथे उकिडवे बसले. जमीन गुळगुळीत होती, अगदी पाटासारखी, कडेला छोटी रांगोळी. त्यांनी बोटाने चाचपली. मग वहिनींना विचारलं, हे कोण सारवतंय.

वहिनी म्हणाल्या, मीच. भाऊजींना जागा सपाट हवी होती. म्हणून वजन टाकल्यापासून रोज सकाळी सातला त्या तेवढी जागा सारवत होत्या. नुसत्या शेणाने खड्डे भरत नाहीत म्हणून शाडूचा घट्ट काला करून. आणि सारवताना वरच्या तुळईला हात जोडत होत्या, की बाई, एवढा हंगाम सांभाळ. गुरुवारी मी वाईट आकडा सांगितल्यावर शुक्रवारी त्यांनी थर जरा जाडच दिला होता, श्रद्धेने.

मिस्त्रींनी छत्रीची तार जमिनीत तिरकी घातली आणि उचकटली. वीतभर पापुद्रा निघाला. त्याची कड त्यांनी माझ्यासमोर धरली आणि नखाने एकेक थर मोजला. सात.

"भाऊ," ते म्हणाले, "छप्पर खाली आलेलं नाय. जमीन वर आली."

कुणी हसलं नाही. निदान तेव्हा नाही. मिस्त्रींनी खालची जुनी जमीन लागेपर्यंत खरवडलं आणि मला आकडा वाचायला सांगितला. मी गुडघे टेकले. ३३३८. मी म्हणालो, एक मिलिमीटर अजून कमी आहे. मिस्त्री म्हणाले, तो लाकडाचा, त्याला द्या. मग त्यांनी आपली दोरी बघायला लावली. दोरीला ओढ तशीच होती आणि मधला फरक सूतभर, गेल्या शनिवारी होता तेवढाच.

वहिनी कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. त्या रडत आहेत असं वाटून मी जवळ गेलो, तर त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "सात दिवस मीच पाडत होते हो छप्पर," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी त्यांना धीर दिला, की देवाचं सारवण असं जाडच असावं. मग त्यांनी त्याच जागी, टांगलेल्या गोण्यांच्या मध्ये, मांडी घातली आणि चहा मागितला. दोन कप प्यायले. कंत्राटदाराला मी दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, तुमची मर्जी, पण तो म्हातारा छपराखाली तरी उभा राहतो का विचारा.

राहिल्या तीन मोडक्या मूर्ती. चहा झाल्यावर मी त्यांची किंमत विचारली. वहिनी म्हणाल्या, जाऊ दे. मी म्हणालो, हुकूम माझा, टेप माझी, नुकसान माझं. त्यांनी शेवटी दोनशेच्या हिशेबाने सहाशे सांगितले. मी पाकीट काढलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्या हातावर हात ठेवला.

ते म्हणाले, टेप तुमची खरी, पण मार्क माझे. पस्तीस दिले म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरला नसतात तर दोरीवर भागलं असतं. मग ते शिडी चढले, तीन नंबरवरचा पस्तीस शर्टाच्या बाहीने पुसला आणि तिथे बेचाळीस लिहिले. दिलेला आकडा त्यांनी वर चढवलेला मी एवढा एकदाच पाहिला. खाली उतरून त्यांनी खिशातली पुरचुंडी सोडली.

वहिनींना सहाशे रुपये मिळाले, रोख. तीनशे मी दिले, तीनशे मिस्त्रींनी. दोघांनी पावती घेतली. मिस्त्रींची तपासणीची फी कैचीमागे सत्तर, पाच कैच्यांचे साडेतीनशे. ते मी त्यांना त्याच संध्याकाळी दिले आणि त्यांनी मोजून घेतले. म्हणजे मे ते जुलै या सगळ्या कामात त्यांच्याकडे पन्नास रुपये राहिले. त्यातून रोहा ते पेण येण्याजाण्याचं एस. टी.चं भाडं वजा जायला हवं. ती वजाबाकी मी केलेली नाही.